फिरून वाचा

२००६ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतची, तीसुद्धा दर पावसाळ्यात अर्धी बुडालेली. पण आमच्या गावात पोथी वाचणारा कोण असं कोणी विचारलं की बोट माझ्याकडे वळायचं. हे मी मिरवायला सांगत नाही. नाही, खरं सांगायचं तर मिरवायलाच सांगतो आहे. मिरवण्यासारखं माझ्यापाशी दुसरं होतं काय? दीड एकर भात, एक बैलजोडी, आणि हे वाचन. त्यातलं वाचन त्या सालच्या श्रावणात गेलं. चोरीला गेलं नाही, कोणी हिसकावलं नाही. बसल्या जागी गेलं, आणि गेलं ते मला आधी कळलंही नाही.

आता पुन्हा श्रावण आलाय. देवळात दुपारी सीडी लागते. पूर्ण अध्याय, पेटी-तबल्यासकट, वीस मिनिटांत. आवाज सगळ्या गावावरून जातो आणि पलीकडे रस्त्याच्या मोरीपाशी ओढ्याच्या आवाजात मिसळतो. ऐकतं कोण, ते त्या कर्ण्यालाच ठाऊक.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत. इथं श्रावण म्हणजे मोकळी दुपार. लावणी उरकलेली असते, तण काढायच्या बेणणीला अजून आठवडा असतो. खाचरात पाणी उभं, रोपांनी नुकती मान धरलेली, बांधावर खेकड्यांची भोकं. माणसाच्या कमरेचं दुखणं उतरायला लागतं तेव्हा डोकं जरा जागं होतं. त्याच दिवसांत आमच्याकडे पोथी लागायची. दुपारी जेवणं झाली की गोणपाटं अंथरायची, लाल बासनातून पोथी सोडायची, सुट्टी पानं चौरंगावर ठेवायची. बायका वाती वळत बसायच्या, कोणी सुंभ वळायचा, कोणी नुसताच खांबाला टेकायचा. भिंतींना ओल, कपड्यांना धुराचा वास, आणि बाहेर पागोळ्या एका ओळीत पडत राहायच्या.

वाचायचं मी. अर्थ सांगायचा धर्माजी सुतारानं. गंमत अशी की धर्माजीला एक अक्षर येत नव्हतं. मी चिडवायचो, “अरे, तुला अक्षर येत नाय नि तू मला अर्थ सांगतोस?” तो म्हणायचा, “तुला अक्षरं सांबाळायची असतात, नाना. मला काय काम नाय, म्हणून मी इचार करतो.”

आणि एक रिवाज होता. माझ्या आधी जे वाचायचे त्यांच्याही आधीपासूनचा. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही, केव्हाही, “फिरून वाचा” म्हटलं की वाचणाऱ्यानं थांबायचं आणि तीच ओवी पुन्हा वाचायची. का, असं विचारायचं नाही. कपाळाला आठी घालायची नाही. एखादी ओवी सात-सात वेळा वाचली आहे मी. एका दुपारी पाच ओव्या झाल्या, असंही झालेलं आहे. पोथी संपवायची घाई कोणाला होती? श्रावण संपेपर्यंत संपली नाही तर भाद्रपदात वाचू.

“फिरून वाचा” सगळ्यांत जास्त म्हणायची ती सोमी. सोमी कातकरवाडीतली. वाडी आमच्या गावाच्या कडेला, माळाच्या उतारावर. दिवाळी झाली की ती माणसं वीटभट्ट्यांवर जायची, पावसाच्या तोंडावर परतायची. सोमी देवळाच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायची, डोक्यावर इरलं, पाठीवर पागोळ्यांचं पाणी. आत ये, असं तिला कोणी म्हणालं नाही. मीही नाही. हे तेव्हा मला खटकलं होतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. खटकलं नव्हतं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट असेल. पोथीत एका राजाचं दान आलं. राजानं पुण्य जोडायला एक गाव दान देऊन टाकलं. मी ओवी म्हटली, धर्माजीनं घसा साफ केला, इतक्यात पायरीवरून आवाज आला.

“फिरून वाचा, नाना.”

मी वाचली.

“अजून येकदा.”

अजून एकदा वाचली. मग ती म्हणाली, “राजानं गाव दिलं. गावातल्या मानसांना इचारलं का त्यानं?”

सगळे हसले. धर्माजी म्हणाला, “गो सोमे, राजा हाय तो. तो कशाला इचारील?”

“मंग त्यात दान कसलं? दुसऱ्याची मानसं नि ह्याचं पुन्य?”

धर्माजी म्हणाला, उद्या सांगतो. पोथी त्या दिवशी तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, अजून नाय सापडलं. तिसऱ्या दिवशीही नाही. तोवर ती एक ओवी गावभर फिरत होती. पाणवठ्यावर बायका त्यावर बोलत होत्या. किन्हवलीच्या एसटीत दोघे भांडले. एक म्हणे राजा बरोबर, दुसरा म्हणे तुझी सासुरवाडी दिली असती दान तर? मी खाचरात उभा असलो तरी डोक्यात तेच. चौथ्या दिवशी सकाळी धर्माजी भिजत माझ्या बांधावर आला.

“सापडलं रं नाना. राजानं जे दिलं ते गाव नव्हंच. त्याला आपलं वाटत व्हतं तेवडंच त्यानं दिलं. मानसं देता येतच नाय कुनाला.”

“मग पोथीत तसं का नाय लिहिलं?”

“लिवनारा एकटाच बसला असंल दुपारचा,” धर्माजी म्हणाला. “त्याच्या पायरीवर सोमी कुठं व्हती?”

मी पुष्कळदा विचार करतो, आम्ही अडाणी माणसं, आमच्या डोक्यात एवढी जागा कुठून येत होती? मला वाटतं ती जागा त्या थांबण्यातली होती. ओवी वाचायची आणि गप्प बसायचं. पागोळ्यांचा आवाज ऐकायचा. त्या गप्प बसण्यात ओवी आत उतरायची, आणि आत गेल्यावर दुसऱ्या कशाला तरी जाऊन भिडायची. कोणाला आपला भाऊ आठवायचा, कोणाला जमिनीचा तंटा. पाणी जमिनीत मुरायला जसा वेळ लागतो तसाच हा. नुसतं वरून वाहून गेलं तर खाली विहिरीला काय मिळणार?

मग एकेक होत गेलं. कोणाला दोष द्यायचा? पहिला टीव्ही आला तेव्हा मीच नारळ फोडला. पुढे घरोघरी आले. दुपारची वेळ मालिकांनी धरली. बायका वाती घरी वळायला लागल्या. दोन हजार एक साली धर्माजी गेला. त्याला नेताना सोमी लांब जांभळीखाली उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारील असं मला उगीच वाटलं.

धर्माजीच्या मागे अर्थ सांगायला कोणी उरलं नाही. मी हट्टानं दोन वर्षं वाचत राहिलो. मी वाचायचो आणि पुढे जायचो. ऐकायला कधी चार माणसं, कधी दोन. पायरीवर सोमी मात्र असायची. मग माझा मुलगा मधू कल्याणहून सीडी घेऊन आला. तो तिकडे कारखान्यात, आसनगावहून पास काढून जाणारा.

“नाना, ह्यात सगळी पोथी हाय. पावसाळाभर ऐका. तुमच्या घशाला आराम.”

“आणि ‘फिरून वाचा’ म्हटलं तर?”

“तसं बटन हाय ना.”

होतं बटण. तीन वर्षांत ते कोणी दाबलेलं मी पाहिलं नाही.

मला सवय लागली, हे कबूल करतो. मी खांबाला टेकून ऐकायला लागलो, ऐकता ऐकता पेंगायला लागलो. घरी टीव्हीवर बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी सरकत असते, ती वाचायची सवय लागली. मोठा अभिमान वाटायचा, एवढ्या पळत्या अक्षरांना मी गाठतो म्हणून! पण पट्टी गेली की काय वाचलं ते आठवायचं नाही. मधू तर दिवसभर वाचतो. मोबाइलवर टुंग वाजलं की वाचलं, बोटानं उत्तर दिलं, झालं. नात धड्याच्या आधी गाईड उघडते. मी तिला म्हटलं, “बाय, आधी धडा वाच.” ती म्हणाली, “नाना, उत्तर मिळालं ना, मग धडा कशाला?” मला धर्माजीची आठवण झाली. एका उत्तरासाठी चार दिवस भिजत फिरलेला माणूस.

आणि मी? एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून मी बासनातून पोथी सोडून बसलो. अर्धं पान वाचलं. अक्षरं सगळी लागत होती. जीभ चालत होती. पण पानाच्या खाली आलो तेव्हा वर काय होतं ते गेलं. पुन्हा वर गेलो. डोळा ओळीवरून घसरायचा, शेवाळावरून पाय घसरतो तसा. मी पोथी बांधून ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही. पोथीवाला नानाच वाचू शकत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?

अशात तो कागद आला.

वाडीच्या वरचा माळ आमच्याच गावातल्या तिघा भावांचा. त्यांनी तो मुंबईकडच्या एका माणसाला विकला. त्याला तिथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. कुंपण घालण्याआधी गावाची संमती लेखी हवी, म्हणून तो श्रावणातल्या एका दुपारी देवळात आला. गावाची आठवण म्हणून देवळात फरशी घालून देतो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यानं फसवलं असतं तर फार बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला कोणी सापडला असता. त्यानं चार पानं टाइप केलेली आमच्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडून म्हणाला, “सावकाश वाचा. मला घाई नाही.”

घाई आम्हालाच होती. कोणाची मालिका होती, कोणाची क्रिकेटची मॅच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नाना वाचतील. नाना बोलले की झालं.” माझी छाती फुगली. सीडी बारीक करायला सांगितली. पाहुण्याच्या समोर मी चौरंगावर पानं ठेवली, आणि पोथीच्याच सुरात वाचायला घेतलं. पहिलं पान झालं. दुसरं अर्धं झालं आणि मला कळलं की मी घसरतो आहे. ‘सदर मिळकत’, ‘उक्त ग्रामस्थ’, ‘कायमस्वरूपी’. शब्द तोंडातून बाहेर पडत होते, कानांवर येत होते, आणि मधली जागा रिकामी. थांबायला हवं होतं. ‘जरा फिरून वाचतो’ असं मीच म्हणायला हवं होतं. सगळे ऐकत आहेत असं दिसत होतं, पाहुणा कौतुकानं मान डोलवत होता. मी आवाज चढवला आणि तिसरं पान सरसर ओढत नेलं.

तेव्हा पायरीवरून आवाज आला.

“फिरून वाचा, नाना.”

तीन-चार वर्षांनी ते शब्द ऐकले. आणि मी काय म्हणालो?

“वाचलंय मी! तुला काय कळतंय ह्यातलं? गप बस.”

पाहुण्यासमोर, खालच्या पायरीवरच्या बाईनं मला थांबवलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रिवाज मोडला तो मी, आणि मोडलेला कोणाच्या लक्षातही आला नाही. चौथं पान संपलं. पहिली सही माझी. ठसठशीत, पूर्ण नाव, आडनावासकट. त्याखाली बाकीच्यांनी केल्या, कारण वर माझी होती.

आठ दिवसांत माळावर सिमेंटचे खांब उभे राहिले. पावसानं जमीन मऊ होती, खड्डे पटापट झाले. मग काटेरी तार. माळाच्या पोटाशी एक झरा आहे. पावसाळ्यात ओढा गढूळ होतो, तेव्हा वाडी त्या झऱ्यावरच पिते. उन्हाळ्यात ओढा आटतो, तेव्हा वाडीत मागे राहिलेली म्हातारी माणसंही त्याच्यावरच. वाडीपासून झऱ्यापर्यंत पायवाट. किती पिढ्यांची, कोणाला माहीत. ती वाट आता तारेच्या आत होती.

सोमी माझ्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. कमरेवर रिकामा हंडा.

“नाना, तारवाला बोलतो, तुमच्या गावानं लिवून दिलंय.”

“असं नाय लिहिलेलं,” मी म्हणालो. पण काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी पेटीतून त्या कागदाची आमची प्रत काढली. चष्मा पुसला. तिसऱ्या पानावर, वरून सातव्या ओळीत होतं ते. सदर मिळकतीतून कोणासही पायवाटेचा अगर पाणी भरण्याचा हक्क राहणार नाही, व त्यास ग्रामस्थांची संमती आहे. ही ओळ मी माझ्या तोंडानं, देवळात, मोठ्यानं वाचली होती. चाळीस माणसांनी ऐकली होती. आम्ही गाव देऊन टाकलं होतं, आणि त्यातल्या माणसांना विचारलं नव्हतं. विचारणं तर सोडाच, त्यातलं एक माणूस स्वतःहून बोललं तर त्याला गप्प केलं होतं.

मी मधूला घेऊन त्या माणसाकडे गेलो. तो नम्रपणे म्हणाला, “नाना, मी पुढे प्लॉट घेणाऱ्यांना सगळं तसंच लिहून दिलंय. आता माझ्या हातात नाही.” मग शहापूरच्या तहसील कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं मला खुर्ची दिली, कागद शांतपणे पाहिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंय, वाचा बाबा.”

मी वाचलं. ‘वरील मजकूर वाचून, समजून सही केली.’

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग?”

मधू बाहेर आल्यावर म्हणाला, “नाना, सोडा आता. सगळेच असं सही करतात. वाचतो कोण?” त्याला मला धीर द्यायचा होता. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. खाचरं हिरवीगार होती, बगळे उतरले होते. माझ्या डोक्यात तीच ओळ. वाचून, समजून. कागदावर त्या दोन शब्दांच्या मध्ये एक स्वल्पविराम आहे फक्त. आमच्या देवळात त्या दोन शब्दांच्या मध्ये चार-चार दिवस असायचे. धर्माजी असायचा, एसटीतलं भांडण असायचं, पागोळ्या असायच्या.

वाचलं असतं नीट तर तार पडली नसती का? ठाऊक नाही. जमीन विकलेलीच होती. पण भांडलो असतो. निदान झऱ्यापुरती वाट मागितली असती. चाळीस माणसांतला एक जरी त्या ओळीपाशी अडखळला असता! आम्ही काही वेडे नव्हतो, लबाड नव्हतो. आमची थांबायची सवय गेली होती, एवढंच. आणि थांबायची सवय गेली की माणसाला स्वतःच्या तोंडचे शब्दसुद्धा ऐकू येत नाहीत. हे मला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाडीच्या बाया आता टेकडीला वळसा घालून पलीकडच्या गावाच्या विहिरीवर जातात, तास जायला आणि तास यायला. देवळातली फरशी छान झाली आहे, पायांना गार लागते.

कचेरीतून आलो तो दिवस श्रावणातल्या अमावास्येचा होता. सीडीवाल्यांनी त्या दुपारी शेवटचा अध्याय लावून पोथी संपवली होती. प्रसादाची पुडी घरी आलेली होती. मी ती उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता निघालो. प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घातली, छत्री घेतली आणि कातकरवाडीत गेलो. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा. सोमी दारात बसून पाल्याचं इरलं सांधत होती. ती उठली, आत जाऊन घोंगडी आणायला निघाली. मी “नको” म्हणालो आणि तिच्या उंबऱ्याबाहेर दगडावर बसलो. कुडाच्या झोपडीच्या वळचणीतून पाणी माझ्या पाठीवर गळत होतं.

“सोमे, त्या दिवशी तू थांबवलंस. तुला काय खटकलं व्हतं त्यात?”

“त्यातलं काय नाय, नाना. मला काय कळतंय,” ती म्हणाली. ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं की साधंच, मला अजून कळलेलं नाही. मग म्हणाली, “पोथी वाचताना तुमी अडखळायचा. थांबायचा, मंग फुडं जायचा. त्या दिशी अडखळलाच नाय. म्हनून बोलले.”

मी चष्मा लावला. पानं गुडघ्यावर ठेवली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सूर न लावता वाचायला सुरुवात केली. एक ओळ झाली आणि मी थांबलो.

सोमीनं सुई इरल्यात खोचून ठेवली. “फिरून वाचा,” ती म्हणाली.

मी फिरून वाचली. दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा आमचं पहिलं पान अजून चालू होतं.